चपलांचा हिशेब

यंदा माझा कान फुटलाय म्हणून
मला काठावर बसवलं, चपला राखायला.

हिडकलच्या फुगवट्यावर सकाळी सहाला
गुडघ्याएवढं धुकं, आणि त्यात वाकून
अंगाला खोबरेल चोळणारी माणसं:
संकेश्वरहून टेम्पोत कोंबून आलेली पोरं,
निपाणीचे दोघे तंबाखूवाले, पोट आत ओढून उभे,
गोकाकला रात्रपाळी संपवून थेट आलेला इराण्णा हुलमनी,
आणि शहापूरची सुमित्रा कडोलकर, जी दरवर्षी म्हणते
हे शेवटचं.

सूचना दोनदा झाल्या,
एकदा कन्नडात, एकदा मराठीत.
दोन्ही वेळा कुणी ऐकल्या नाहीत.
मग भरमाण्णानं ताट बडवलं
आणि एक्केचाळीस माणसं पाण्यात गेली.
माझ्यापाशी एक्केचाळीस जोड.

रबरी, चामडी, प्लास्टिकच्या.
एक डावी निळी, तिची उजवी हिरवी.
एकीत घड्याळ, एकीत रुमालात गुंडाळलेली कवळी.
टायरच्या त्या मोनाप्पाच्या;
टाच इतकी झिजलेली की आरपार वाळू दिसते.

इथं पहिल्याला काही मिळत नाही.
उप्पीट मिळतं, तेही सगळे बाहेर आल्याशिवाय
कल्लव्वा पातेल्यावरचं झाकण काढत नाही.
त्यामुळं पुढं गेलेले मागं वळून पोहतात,
मागं राहिलेल्याला शिव्या घालत
त्याच्या शेजारी येऊन दम खातात.
दोन हात मारून एक शिवी,
असा आमच्या पोहण्याचा ठेका.

एकेक जण आला. थडथडत, ओठ जांभळे,
आपापली चपल पायानंच चाचपत.
कवळी गेली, घड्याळ गेलं,
निळी-हिरवी गेली.
उन्हानं धुकं उचललं.

एक जोड उरला.

"परत मोज," भरमाण्णा म्हणाला.
एक जोड काय परत मोजायचा?

कुणी काही बोललं नाही. कल्लव्वानं
चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
आणि नुकतीच कोरडी झालेली चाळीस माणसं
टॉवेल टाकून पुन्हा पाण्यात शिरली,
हाताला हात लावून, एका ओळीत,
जाळं ओढावं तशी.
सुमित्रा सगळ्यात पुढं.
"मोनाप्पा गाऽऽ!" "मोनण्णाऽऽ!"
पलीकडची टेकडी तेच नाव
अर्धं अर्धं करून परत देत होती.

यांच्यातल्या निम्म्यांना त्यानंच पोहायला शिकवलेलं.
मलासुद्धा, वयाच्या चाळिसाव्या वर्षी,
पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून.
तिसऱ्या दिवशी डबा कधी सोडला
ते त्यानं मला पाचव्या दिवशी सांगितलं.

मीही उठले. कानात कापूस तसाच,
गुडघाभर, मग कमरेभर.

तो सापडला नारिंगी पिंपाच्या अलीकडं.
उताणा, हात पसरून, डोळे मिटलेले,
पोटावर ऊन घेत.
"कशाला बोंबलायल्यासा रे सगळी?"

इराण्णानं त्याला पाण्यातच एक धपाटा घातला
आणि मग बराच वेळ त्याचा दंड सोडला नाही.

"आमची हीर हितंच हाय, खाली," मोनाप्पा म्हणाला.
"धरणाआधीची. बानं मला पयल्यांदा ढकललं ती.
म्हटलं, वाईच थांबावं."
सगळ्यांनी खाली पाहिलं.
हिरवं पाणी, आणि त्यात आपलेच पाय,
तुटल्यासारखे, हलत असलेले.
"किती खोल होती?" एका पोरानं विचारलं.
"काय म्हाईत. अजून तळ लागला न्हाई मला."

उप्पीट गार झालं होतं, मीठही कमी होतं.
दोनदा पोहलेल्यांनी दोनदा खाल्लं.
मोनाप्पाला कुणी लिंबू दिलं, कुणी स्वेटर,
आणि प्रत्येकानं आळीपाळीनं पुन्हा शिव्या.
टेम्पो भरले. हात हलले.
पुढल्या वर्षी, असं कुणी म्हणालं नाही,
पण भरमाण्णानं ताट धुऊन पिशवीत ठेवलं.

मी काठावर वळून बघितलं,
पोटात लख्ख गोळा आला:
वाळूत अजून एक जोड.

मग खाली पाहिलं,
माझे पाय अनवाणी होते.